दिवेलागणीचा प्रश्न

आमचे मामंजी चक्रम होते, हे अख्ख्या माळीवाड्याला ठाऊक होतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांच्याही कानावर कुणीतरी घातलं होतं, की घर चांगलं आहे, मुलगा पोस्टात आहे, सरळ आहे, पण सासरा जरा हा आहे. 'हा' म्हणताना त्या गृहस्थांनी कपाळापाशी बोट फिरवलं. वडील म्हणाले, "दारू पीत नाही ना? सुनांना मारत नाही ना? मग फिरेना का बोट!" आणि दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन टंचाईत मी नगरला तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात नांदायला आले.

तिसरा दिवस असेल. दिवेलागण झाली. सासूबाईंनी देवापाशी निरांजन लावलं. माझ्या धाकट्या नणंदेनं, म्हणजे वन्संनी, कंदिलाची काच पुसून तो ओसरीवर आणून ठेवला. मामंजी कोर्टातून येऊन, हातपाय धुऊन, भिंतीला टेकून बसले होते. उंच, काटकुळे, डोक्यावर काळी टोपी; ही टोपी झोपतानाच निघायची. उजव्या हाताचं बोट शाईनं कायमचं काळं झालेलं. त्यांनी घसा खाकरला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "हं. आज काय आवडलं?"

मला वाटलं, काहीतरी गुन्हा झालाय. पण हे शांतपणे म्हणाले, "शिक्क्याची नवी शाई आली. पहिला शिक्का असा लख्ख उठला, की गावाचं नाव दुरून वाचता यावं." मामंजींनी मान डोलावली. मग वन्संकडे वळले. त्या म्हणाल्या, "मैत्रिणीच्या गोठ्यात वासरानं माझा हात चाटला. जीभ अशी खरखरीत लागते म्हणून सांगू!" पुन्हा मान डोलली. मग सासूबाई. त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझं काय मेलं! तुम्ही सगळे पोटभर जेवलात, मी भरून पावले."

"ते आमचं झालं. तुझं काय?"

"माझं आणि तुमचं वेगळं कधी झालं?"

मामंजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "बरं. उद्या," म्हणाले. आणि मग मला हाक आली, "सूनबाई, बाहेर ये. तुझं सांग."

अगं बाई!  मी पदर सावरत म्हटलं, "सगळंच आवडलं." मामंजींनी जोरात हात झटकला. "सगळं म्हणजे काही नाही. कोर्टात असली साक्ष चालत नाही. एक सांग."

काय सुचलं देव जाणे, मी बोलून गेले, "सकाळी बंबाचं पाणी घेतलं, त्याला धुराचा वास होता. अंग पुसलं तरी तो राहिला. माझ्या माहेरी आडावर गार पाण्यानंच अंघोळ असते." बोलले आणि जीभ चावली. माहेरची गरिबी अशी तिसऱ्याच दिवशी कुणी सांगतं का? पण मामंजी मांडीवर थाप मारून ओरडले, "याला म्हणतात उत्तर! ऐकलंत? धुराचा वास!" त्या दिवसापासून त्या घरात माझ्या पाण्याच्या वेळी बंबात एक ढलपी जास्त पडायची. सासऱ्यानं सुनेच्या अंघोळीची काळजी करावी, हे मी कुणाला सांगितलं असतं तर माझ्याच कपाळापाशी बोट फिरलं असतं.

रोज. सणाला, सुतकात, ताप असला तरी रोज. आवडलेली गोष्ट आजचीच हवी, कालची शिळी चालायची नाही. ती स्वतःची हवी. नवरा जेवला, मूल हसलं, हे बाद. देवळात गेले, दर्शन झालं, हेही बाद. "देवाचं देवाकडे राहू दे" म्हणायचे. आणि कुणाच्या उत्तराला कुणी हसायचं नाही. एकदा ह्यांनी सुचवलं, हे सगळं लिहून ठेवावं. मामंजी भडकले. "लिहिलं की त्याची नक्कल होते. मी आयुष्यभर नकलाच केल्यात!"

ते खरंच होतं. कोर्टात निकालाच्या नकला उतरवायचं त्यांचं काम. एकदा मी धीर करून विचारलं, मामंजी, हे तुमच्या डोक्यात आलं कुठून? तर म्हणाले, "दिवसभर मी लोकांची भांडणं सुवाच्य अक्षरात उतरवून काढतो. भावाभावांची, बापलेकांची, चुलीवरून, बांधावरून. घरी आल्यावर कानाला दुसरं काही नको का?" बस्स. एवढंच.  माझे वडीलही कष्टाचे, पण घरी आले की आम्ही सगळी भावंडं कोपऱ्यात जायचो. दिवसभराचा शीण माणूस असाही उतरवू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

त्यांची मतं विचाराल तर ती प्रत्येक गोष्टीवर होती आणि ठाम होती. थंडीतलं ऊन तोंडावर घ्यायचं नसतं, पाठीवर घ्यायचं. पेरूला मीठ लावणारा माणूस उतावळा. हुरड्याला गेलं की आगटीभोवती बोलायचं नाही. बोलायचं असेल त्यानं घरी बसावं. रेशनावर साखर मिळेना, लाल, जाडीभरडी ज्वारी खाऊन सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, तेव्हा हे गृहस्थ चहात गूळ घालून बशी ओठाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "सरकारला साखर बंद करता येते. जीभ थोडीच बंद करता येते!" म्हणायचे. आणि भाकरी? भाकरी तव्यावरून चुलीपुढं फुगली की तिचा पापुद्रा तिथल्या तिथं काढायचा आणि आतली वाफ नाकाला लागली पाहिजे. माजघरात ताट येईपर्यंत ती वाफ मरते, म्हणून ते स्वैपाकघरात चुलीपाशीच जेवायला बसत. पुरुषासारखा पुरुष चुलीपाशी! शेजारच्या बायका खिडकीतून बघून जायच्या.

एक दिवस त्यांनी फर्मान काढलं. "आज भाकऱ्या सूनबाई करेल, आणि पहिली गरम भाकरी हिच्या ताटात." ही म्हणजे सासूबाई. सासूबाईंनी जन्मात गरम भाकरी खाल्ली नव्हती. करणारणीनं शेवटी, उरलेलं, गार खायचं ही रीतच होती. त्या पाटावर बसल्या. मी भाकरी वाढली. पापुद्रा काढला, वाफ आली. सासूबाईंनी घास मोडला, हातात धरला, आणि घास काही तोंडात जाईना. शेवटी म्हणाल्या, "मला मेलं असं वाटतंय, कुणीतरी बघतंय." आणि भाकरी वन्संच्या ताटात टाकून उठल्या.  संध्याकाळी नेहमीसारखं विचारलं, सासूबाई नेहमीसारख्या चौकट धरून "माझं काय मेलं" म्हणाल्या, आणि मामंजी म्हणाले, "बरं. उद्या."

या प्रश्नाची लागण हळूहळू घराबाहेरही झाली. संध्याकाळचं दूध घालायला एक सखू यायची, केडगावाकडून, डोक्यावर चरवी. तिलाही मामंजींनी सोडलं नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मला कशाचं आलंय सुक, दादा?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, "न्हाई बा." तिसऱ्या दिवशी चरवी खाली ठेवून म्हणाली, "आज म्हशीनं लाथ न्हाई मारली. ह्येच लई झालं!" मामंजी म्हणाले, "उत्तम! एकदम उत्तम!" मग काय, सखू दारातूनच ओरडत यायला लागली.

गंमत होती खरी, पण तिची किंमत वन्सं मोजत होत्या. वन्सं विशी ओलांडलेल्या, मॅट्रिक झालेल्या, सावळ्या. त्या काळात यातली प्रत्येक गोष्ट मुलीच्या विरुद्ध जायची. लोक बघून जायचे आणि निरोप यायचा, पत्रिका जमत नाही. एका ठिकाणी तर सगळं जमत आलं होतं. मग त्यांच्या कानावर गेलं, की या घरात रोज संध्याकाळी बायकांची झडती घेतात, आणि मुलीला आवडीनिवडी सांगायची खोड आहे. मोडलं. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, मला बाबांचा राग येत नाही गं. पण कधी कधी वाटतं, आपण उत्तरंच द्यायला शिकलो नसतो तर बरं झालं असतं." 

आणि मग श्रीगोंद्याचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर, वडील वकील, परसदार असलेलं स्वतःचं घर, हुंड्याची मागणी नाही. सासूबाईंनी तर देवापुढं साखर ठेवली, तीही रेशनाची. बघायला यायचा दिवस ठरला आणि त्यांनी मामंजींना देवासमोर उभं केलं. "आज पाहुण्यांपुढं तो प्रश्न काढायचा नाही. माझ्या पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. शपथ घ्या."

"नाही विचारणार," मामंजी म्हणाले. शब्दाचे पक्के होते. शिवाय पाहुणे सकाळच्या मोटारीनं येणार आणि दुपारी परत जाणार होते, त्यामुळे चिंता नव्हती.

पण तेव्हा पेट्रोलच्या टंचाईनं मोटारी कोळशावर चालायच्या! ती वाटेत एका ओढ्यापाशी जी बंद पडली, ती दुपार टळेपर्यंत हलली नाही. वकीलसाहेब, त्यांच्या बाई आणि मुलगा आमच्या दारात आले तेव्हा उन्हं उतरली होती. वकीलसाहेब धुळीनं माखलेले आणि चिडलेले. मुलगा गप्प. बाई ठेंगण्या, कपाळभर कुंकू, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. त्या आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. पोहे झाले. वन्सं खाली मान घालून बसल्या, नाव सांगितलं, वाचून दाखवलं. तोवर दिवेलागण. मी कंदील आणून ठेवला. मामंजी भिंतीला टेकून बसलेले, ओठ घट्ट मिटलेले. काय ती त्यांची दशा! हसू दाबायला मला पदर तोंडाशी धरावा लागला.

तेवढ्यात दारातून आवाज. "दादा, माझं आयका! आज शेजारणीशी भांडान झालं, अन् मीच जितले! लई ग्वाड वाटलं बगा!"

सखू. दूध ओतलं आणि गेली.

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. "हे काय प्रकरण आहे?"

मामंजींनी न विचारायची शपथ घेतली होती, खोटं बोलायची नाही. त्यांनी सरळ सगळं सांगितलं. वकीलसाहेब ऐकत गेले आणि त्यांच्या भुवया वर वर जात राहिल्या. "घरातल्या बायकांनाही विचारता?"

"हो तर."

"आमच्याकडे बायकांना असलं कुणी विचारत नाही. खाऊनपिऊन सुखी आहेत. विचारलं म्हणजे नसतं डोक्यात येतं." हसले. "मुलीला ही सवय मात्र सोडावी लागेल."

सासूबाई माझ्याशेजारी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला. मामंजी सावकाश सरळ बसले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "वकीलसाहेब, चहा घ्या, निवांत बसा. आज उशीर झालाय, रात्री इथंच राहा. पण माझी मुलगी तुमच्या घरी द्यायची नाही."

सासूबाईंची बोटं दंडात अशी रुतली, की वळ उठले. इतके नकार झेललेली मुलगी, घरी चालून आलेलं स्थळ, आणि हा नकला करणारा कारकून एका वकिलाला नाही म्हणत होता! मी मनात म्हटलं, संपलं.  पण आपल्या मुलीसाठी असं नाही म्हणणारा बाप मी कधी पाहिला नव्हता. माझ्या वडिलांनी दारू आणि मारहाण एवढंच विचारलं होतं.

 मग इतका वेळ गप्प असलेला मुलगा आपल्या आईकडे वळला. "आई, तू सांग ना. तुला आज काय आवडलं?"

"मी काय सांगू रे?" बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं. वाटलं, आता रडतात. पण त्यांनी हळूच कंबरेला खोचलेलं पदराचं टोक काढलं, त्याची गाठ सोडली, आणि ओंजळ पुढं केली. ओंजळीत गाभुळलेल्या चिंचा होत्या.

"मोटार बंद पडली ना, तिथं झाड होतं," बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "तुम्ही दोघं त्या ड्रायव्हरपाशी होतात. मला कुणाचं काही करायचं नव्हतं. मी झाडाखाली बसून चिंचा खाल्ल्या. पुष्कळ खाल्ल्या."

वकीलसाहेबांनी ओंजळीकडे पाहिलं. रागावले मात्र नाहीत. "तू चिंचा खातेस?"

"आवडतात."

"अगं, पण आपल्या परसात झाड आहे की!"

"झाड आहे," बाई म्हणाल्या. "पण घरच्या बाईनं झाडाखाली उभं राहून चिंचा खायच्या? कुणी पाहिलं तर?"

  आणि आमच्या वन्सं, ज्यांनी मान वर करायची नव्हती, त्या उठून सरळ बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. "मला देता एक?"

"आंबट आहे हो, पोरी. दात आंबतील."

"अशीच आवडते मला."

बाईंनी निवडून मोठी दिली. वन्संनी चिंच तोंडात टाकली, एक डोळा मिटला, नाक आक्रसलं, आणि दोघी एकदम हसल्या. तो मास्तर मुलगा असा बघत होता, की मला कळलं, आता हा काही कुणाचं ऐकत नाही.

वकीलसाहेब खाकरले. "कारकूनसाहेब, मघाशी जो निकाल दिलात, त्यावर अपील आहे का?"

"आहे," मामंजी म्हणाले. "अपील मुलीकडे."

वन्संचं तोंड चिंचेनं भरलेलं. बोलता येईना. त्यांनी मान हलवली, आणि ती 'नाही'ची नव्हती.

वैशाखात लग्न झालं. मुलीला निरोप द्यायला आम्ही सगळे मोटार स्टँडवर गेलो, रडलो, आणि परत आलो. घर असं रिकामं वाटत होतं, की मी उगाच भांडी आवाज करत ठेवत होते. दिवेलागण झाली. कंदिलाची काच कुणी पुसायची हा प्रश्न पडला; ते काम वन्संचं. सासूबाईंनी ती पुसली, कंदील लावला आणि ओसरीवर आणून ठेवला. मामंजी भिंतीला टेकून बसले होते. हे बसले, मी बसले. मामंजी काही विचारेनात. मी त्या घरात आल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

सासूबाई नेहमी चौकट धरून उभ्या राहायच्या. त्या दिवशी त्या ओसरीवर आल्या आणि मामंजींच्या समोर खाली बसल्या.

"आज विचारायचं नाही का?"

"आज कुणाला काय आवडणार आहे?" मामंजी म्हणाले. 

"मला विचारा."

मामंजींनी मान वर केली.  ते हळूच म्हणाले, "आज काय आवडलं?"

"मोटारीत बसल्यावर आपल्या पोरीनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मोटार सुटायच्या आत झोपली. दमली होती ना." सासूबाईंनी कंदिलाची वात जरा कमी केली. "मी लग्न होऊन आले तेव्हा बैलगाडीत सासूबाईंच्या शेजारी होते. नगर येईपर्यंत ताठ बसले होते. पापणी मिटायची माझी छाती झाली नाही. आज मी ते बघितलं, आणि मला फार आवडलं."

मामंजींचा नियम आम्हाला पाठ होता. त्यांनी सवयीनं बोट वर केलं. "पण हे तर पोरीचं..."

"पोरीचं कसं? ती झोपली होती," सासूबाई म्हणाल्या. "हे माझं आहे."

मामंजींचं बोट तसंच खाली आलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि सासूबाईंकडे बघत बसले. त्या दिवशी ते 'उद्या' म्हणाले नाहीत.